बोललेला नारळ

सोसायटीच्या गेटवर हर्षदने फ्लेक्स लावला होता आणि त्यात इरावतीपेक्षा त्याचाच फोटो मोठा होता. 'विश्वशांतीची दूत कु. इरावती हिचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक : समस्त परब परिवार, मुलुंड पूर्व.' लेक बिचारी खालच्या कोपऱ्यात, चार देशांच्या चार मुलींच्या गळ्यात हात टाकून हसत होती. दोन वर्षं ती आयर्लंडच्या समुद्रकाठच्या कॉलेजात राहून आली होती. तिथे म्हणे जगात जे जे एकमेकांच्या उरावर बसलेत, त्यांची पोरं मुद्दाम एका खोलीत ठेवतात, एका टेबलावर जेवायला घालतात, म्हणजे मोठी होऊन ती तरी भांडणार नाहीत. कल्पना चांगली आहे. परबांना तर ती फारच आवडली, कारण ती आयर्लंडमध्ये होती.

त्या फ्लेक्सवरचा 'समस्त' हा शब्द हर्षदनेच सुचवला होता. वजनदार वाटतो, म्हणाला. सहा वर्षांपूर्वी याच समस्त परिवारातून त्याची सख्खी धाकटी बहीण श्रुतिका वजा झाली, हे त्याला फ्लेक्सवाल्याला सांगायची काही गरज नव्हती. तिने धम्मपाल तांबेशी लग्न केलं होतं. मुलगा इंजिनिअर, कोकणातलाच, आमटीत कोकम आणि ताटात मासा लागणारा, कधी आवाज न चढवणारा. पण बौद्ध. "आमी जातपात मानणत नाय," श्रुतिकाचे वडील जयवंत परब तेव्हा म्हणाले होते, "पण गावाक तोंड दाखवूचा आसा." एवढं बोलून त्यांनी दार लावलं. आणि त्याच वर्षी गाऱ्हाण्यातून तिचं नाव काढलं.

गाऱ्हाणं म्हणजे परबांच्या घरातली सगळ्यात मोठी गोष्ट. पाचव्या दिवशी गणपती निघायच्या आधी घरच्या कर्त्याने हातात नारळ घेऊन देवापुढे उभं राहायचं, घरातल्या एकेकाचं नाव घेऊन त्याच्यासाठी मागायचं, आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून ओ द्यायची. गिरणीच्या चाळीतून मुलुंडच्या फ्लॅटमध्ये येताना परबांनी पाटा-वरवंटा टाकला, मालवणी निम्मी टाकली, पण हे नाही टाकलं. "व्हय म्हाराजा पडला काय मागणा देवाक पोचला," जयवंत दरवर्षी बजावत. "मगे देवाच्या बापाशीकय मागे फिरवता येवचा नाय." ज्याचं नाव घेतलं, त्याच्याकडे देवाचं लक्ष. ज्याचं नाही घेतलं, त्याने आपलं आपण बघावं.

सहा वर्षं श्रुतिका आपलं आपण बघत होती.

आणि नेमकी आज, विसर्जनाच्या सकाळी, हर्षदची बायको शर्मिष्ठा स्वयंपाकघरात येऊन सासूच्या कानाशी लागली. "आई, तळण जरा बाजूला ठेवा. श्रुतीला अ‍ॅडमिट केलंय. घाटकोपरला."

सुगंधाबाईंच्या हातातला झारा कढईतच राहिला. "आठवो सरलो नाय अजून."

"बीपी वाढलंय. पायाला सूज आहे. डॉक्टर म्हणाले दुपारपर्यंत बघू, नाहीतर सिझेरियन. धम्मपालचा मेसेज आलाय."

"तुका?"

"मलाच येतो." शर्मिष्ठेने गॅस बारीक केला. नणंद-भावजय होण्याआधी या दोघी एका कॉलेजात एका बाकावर बसलेल्या. सहा वर्षं बँकेतून येता येता शर्मिष्ठा महिन्या-दोन महिन्यांनी कांजूरमार्गला उतरत होती, आणि घरी येऊन ऑडिट होतं म्हणून सांगत होती. बँकेत एवढी ऑडिटं होतात, याचं हर्षदला कधी आश्चर्य वाटलं नाही.

सुगंधाबाई पदराला हात पुसून सरळ हॉलमध्ये गेल्या. जयवंत धोतराच्या निऱ्या करत होते.

"ऐकलात? श्रुती हॉस्पिटलात आसा. पोरीच्या जिवावर बेतलाहा. आज गाऱ्हाण्यात तिचा नाव घेवा."

निऱ्या थांबल्या, मग परत सुरू झाल्या. "घराभायल्यांची नावां गाऱ्हाण्यात घेणत नाय."

"माझ्या पोटातली ती. घराभायली कशी झाली?"

"गेली तेव्हा झाली. आणि तिचो घोव देवाक मानता? त्यांच्यात गणपती चलता?"

"देव तेका मानता काय नाय, तां देवाक विचारा. तुमी फक्त नाव घेवा."

"सुगंधा, आज घरात पाव्हणी आसा. तमाशो नको."

पाव्हणी म्हणजे एलेनी. इरावतीची रूममेट, सायप्रसची. तिच्या शहराच्या मधोमध सीमा आहे. अर्धं शहर हिच्या लोकांचं, अर्धं तुर्की लोकांचं, मध्ये सैनिक. तुर्कांकडची एक मुलगी याच दोघींच्या खोलीत तिसरी होती. एलेनी पाच दिवस परबांकडे राहत होती आणि परब तिला बघून हरखून गेले होते. तिने हाताने वरणभात खाल्ला, टाळ्या. तिने आरतीत झांज वाजवली, व्हिडिओ. आजोबांनी तिच्याकडून 'व्हय म्हाराजा' घोटून घेतलं होतं: आपण थांबलो की ओरडायचं, मोठ्याने, लाजायचं नाही. पोरगी हुशार. जयवंत पाणी प्यायला थांबले तरी ओरडायची.

पाव्हणी आत आंघोळीला होती. इरावतीने मात्र सगळं ऐकलं. अठरा वर्षांची पोर, दोन वर्षं याचंच शिक्षण घेतलेली, तिचा जीव हुरळला. भांडण! तेही घरात! तिला एकदम आपण शिकलेलं सगळं आठवलं.

"आपण सर्कल करू या," ती म्हणाली.

"काय करू या?" हर्षदने विचारलं.

"सगळ्यांनी गोल बसायचं. एक वस्तू फिरवायची. ज्याच्या हातात ती वस्तू, तोच बोलणार. बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही, उत्तर द्यायचं नाही. आमच्याकडे दर शुक्रवारी व्हायचं. बाबा, तिथे असे लोक बसलेत समोरासमोर, ज्यांच्या घरांवर एकमेकांनी बॉम्ब टाकलेत!"

"झकास!" हर्षद म्हणाला. त्याला व्हिडिओ दिसला. मराठी मंडळाचे शिवदासकाका दुपारी इरावतीच्या सत्काराला येणार होते. त्यांना दाखवायला बरा. "बाबा, बसू या ना. एलेनीपण बसेल."

पाव्हणी बसणार म्हटल्यावर जयवंत बसले. वस्तू काय घ्यायची यावर थोडा वेळ गेला. रिमोट नको, पाण्याची बाटली नको. शेवटी इरावतीने देवापुढचा गाऱ्हाण्याचा नारळ उचलला. "हा बेस्ट. याला सगळे मान देतात."

सुगंधाबाईंना कुणी बोलावलं नाही. कढईत वडे होते आणि वडे तळायला कुणीतरी लागतंच. पण स्वयंपाकघराला दार नव्हतं. झारा हातात धरून त्या ऐकत राहिल्या.

पहिला नारळ एलेनीकडे गेला. ती इंग्रजीत सांगत गेली, इरावती मराठीत. तिच्या आजोबांच्या गल्लीच्या शेवटी पिंपांची भिंत आहे. भिंतीपलीकडे त्यांचं लहानपणीचं कॉफीचं दुकान. चाळीस वर्षं आजोबांनी त्या भिंतीकडे तोंड करून खुर्ची टाकली नाही. मग एका सुट्टीत एलेनी तुर्की मैत्रिणीला घरी घेऊन आली. आजोबा दिवसभर खोलीबाहेर आले नाहीत. रात्री जेवायला आले आणि त्या मुलीला विचारलं, दुकानासमोर अंजिराचं झाड होतं, ते आहे का गं?

जयवंतांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंखुरं. "बघ," ते हर्षदला म्हणाले, "ह्येका म्हणतत माणुसकी. शत्रूच्या पोरीक जेवूक घातल्यान."

"आजोबा, नारळ तुमच्याकडे नाहीये," इरावती म्हणाली.

"सॉरी, सॉरी."

मग नारळ हर्षदकडे आला. आपल्याला सगळे धर्म सारखे आहेत, कामावरच्या मुसलमान मित्राकडे आपण दरवर्षी शीरखुर्मा खातो, आपल्या लेकीने जगाला जोडलं, असं त्याने मोबाइलकडे बघून सांगितलं. जयवंतांनी नारळ कपाळाला लावून आम्ही परब कुणाचा द्वेष करत नाही, गिरणीत सगळ्या जातीचे एका नळावर पाणी प्यायलो, असं सांगितलं. सगळं खरं होतं. इरावती मान डोलावत होती. एवढा समजूतदारपणा तिला आयर्लंडमध्येसुद्धा कुठल्या शुक्रवारी बघायला मिळाला नव्हता.

नारळ शर्मिष्ठेकडे आला. तिने तो मांडीवर ठेवला.

"श्रुती घाटकोपरला हॉस्पिटलमध्ये आहे," ती म्हणाली. "तिचं बीपी उतरत नाहीये. सहा वर्षांत या घरातलं कुणीही—"

"ए, हे काय?" हर्षद ताडकन म्हणाला. "हा विषय आहे का?"

"नारळ माझ्याकडे आहे."

"नारळ गेला खड्ड्यात! तुला कुणी सांगितलं ती हॉस्पिटलमध्ये आहे? तू तिच्याशी बोलतेस?"

"जातेसुद्धा. ऑडिटच्या नावाने."

"तो विषय येगळो आसा!" जयवंत उठले. "सायप्रस येगळा, ह्यां येगळा. तेंचा जमिनीचा भांडाण. आमचा काय भांडाणच नाय. आमचा संबंधच नाय!"

त्यांनी सुनेच्या मांडीवरून नारळ उचलला आणि नेऊन देवापुढे ठेवला. सर्कल संपलं. एलेनीने इरावतीला विचारलं, कुणी काही चुकीचं बोललं का? इरावती म्हणाली, नाही, पूजेची वेळ झालीय.

मग ती बाल्कनीत गेली आणि आत्याला फोन लावला. ती परत आल्याचं आत्याला स्टेटसवरून कळलं असणार. सहा वर्षांपूर्वी याच आत्याने तिला सायकल शिकवली होती, त्या आंतरराष्ट्रीय शाळांबद्दल पहिल्यांदा तिनेच सांगितलं होतं, गुगलवर शोधून दाखवलं होतं. एवढं सगळं इरावतीला रिंग वाजत असताना आठवलं.

"बोल," श्रुतिकाचा आवाज दमलेला होता.

"आत्या, कशी आहेस? मी ना, सगळ्यांना घेऊन आज एक सर्कल केलं. तुझ्याबद्दल डायलॉग सुरू व्हावा म्हणून. म्हणजे, ती एक प्रोसेस असते..."

"माझ्याबद्दल?"

"हो."

"मी नसताना?"

इरावतीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"इरा, तुझे सगळे फोटो बघते मी. इस्रायलच्या मुलीबरोबर, पॅलेस्टाइनच्या मुलीबरोबर, लाहोरच्या मुलीचा स्वेटर घालून. फार छान. अभिमान वाटला मला, खोटं नाही सांगत. पण दोन वर्षांत तुला अख्खं जग दिसलं आणि कांजूरमार्ग नाही दिसलं? मुलुंडपासून तीन स्टेशनं गं. तुझ्या कॉलेजात माझं घर असतं ना, तर तू माझ्यावर प्रोजेक्ट केला असतास."

"आत्या, सॉरी. बाबा म्हणाले होते की..."

"बाबा म्हणाले होते! आयर्लंडला कशी एकटी गेलीस? तेव्हा बाबांना विचारून विमान चालवलंस का?" पलीकडे कुणीतरी नर्स काहीतरी म्हणाली. "ठेवते. आईला सांग, घाबरू नको म्हणावं. आणि माझं नाव घ्या, असं मी कुणापुढे नाक घासत नाहीये. तुमचा देव तुम्हाला लखलाभ. माझ्या आईला तेवढं बरं वाटू दे."

फोन बंद झाला. बाल्कनीतून खाली गेटवरचा फ्लेक्स मागच्या बाजूने दिसत होता, सगळी अक्षरं उलटी. इरावतीला स्वतःची एवढी लाज कधीच वाटली नव्हती. ती आत स्वयंपाकघरात गेली आणि आजीला निरोप सांगितला. सुगंधाबाईंनी शेवटचा वडा काढला, गॅस बंद केला, पातळ बदललं आणि येऊन देवापुढे उभ्या राहिल्या.

उत्तरपूजा झाली. आरत्या झाल्या. शिवदासकाका आणि मंडळाचे दोघेतिघे वेळेआधीच येऊन टेकले होते. जयवंतांनी नारळ हातात घेतला, घसा साफ केला. गाऱ्हाणं घालताना त्यांचा आवाज खरोखर भरदार लागायचा. त्या एका दिवशी ते रिटायर झालेला माणूस राहत नसत.

"बा देवा गणपती म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरांनी वाकडीतिकडी जी काय सेवा केली, ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो माझो झील हर्षद. तेची बढती अडकान रवलीहा, ती सोडव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ही सून शर्मिष्ठा, तिका सुबुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हर्षदचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"ही माझी नात. साता समुद्रापार जावन तिना नाव काढल्यान. तिच्या पाठीशी उभो रव रे म्हाराजा! आणि ही तिची मैत्रीण एलेनी, परक्या मुलखातली पोर, आणि तिची ती तुर्कांची मैत्रीण, तिचा नाव माका आठवणा नाय, पण तुका ठावक आसा, त्या दोघींका सुखी ठेव, तेंच्या गावातली भिंत पाड, जगातली सगळी भांडणां मिटव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" शिवदासकाकांनी डोळे पुसले. केवढं मोठं मन, ते शेजारच्याच्या कानात म्हणाले.

जयवंत नारळ ठेवायला वाकले. देवाला सायप्रस सांगून झालं होतं, आता काही उरलं नव्हतं.

सुगंधाबाई पुढे झाल्या आणि नारळ त्यांच्या हातातून काढून घेतला.

"सुगंधा, काय ह्यां?"

"नारळ माझ्या हातात आसा," त्या म्हणाल्या. "जेच्या हातात नारळ, तो बोलतलो. बाकीच्यांनी ऐकूचा. तुमच्याच नातीचो कायदो. सकाळी माका कोणी दिल्यान नाय, आता मिया घेतलंय."

परबांच्या घरात बाईने गाऱ्हाणं घातलेलं कुणी ऐकलं नव्हतं. हर्षद "आई, लोक आहेत" असं काहीतरी पुटपुटला. सुगंधाबाईंना भरदार आवाज नव्हता. त्यांनी देवाकडे सरळ बघितलं.

"बा देवा म्हाराजा. माझा चेडू श्रुतिका, आज घाटकोपराक हॉस्पिटलात पडलाहा. तिचो घोव धम्मपाल तिच्या उशाशी बसलोहा. तिच्या पोटात माझा नातवंड आसा. तां माझ्या घरातला आसा. माझ्या लेकीक सुखरूप सोडव रे म्हाराजा."

त्या थांबल्या.

कुणी ओ दिली नाही. शिवदासकाका पंख्याकडे बघू लागले. हर्षदने मोबाइल खाली घेतला. शर्मिष्ठेने तोंड उघडलं, पण हुंदकाच बाहेर आला. देवापुढे एवढी शांतता त्या घरात कधी झाली नव्हती, आणि सुगंधाबाई नारळ धरून तशाच उभ्या होत्या.

आजी थांबलीय आणि कुणीच ओरडत नाहीये, हे एलेनीच्या लक्षात आलं. तिला वाटलं, बाकीचे विसरले. तिने छाती भरून श्वास घेतला.

"व्हॉय म्हाराजा!" ती ओरडली. मोठ्याने, अजिबात न लाजता, शिकवलं होतं तसं.

जयवंतांचा चेहरा पडला. पोचलं. त्यांच्याच शब्दाने, त्यांच्याच पढवलेल्या पोरीच्या तोंडून, चार माणसांच्या समोर पोचलं. आता देवाच्या बापालाही मागे फिरवता येणार नव्हतं.

"व्हय म्हाराजा," शर्मिष्ठा म्हणाली. मग इरावती म्हणाली, आणि रडायलाच लागली.

सुगंधाबाईंनी नारळ छातीशी धरला आणि दारात जाऊन चपला घातल्या. शर्मिष्ठेने पर्स उचलली. "चल गे," त्या म्हणाल्या, आणि सून त्यांच्या मागोमाग जिना उतरली. इरावती धावत निघाली, तिच्यामागून एलेनी.

गेटवर रिक्षा थांबवेपर्यंत एलेनीने विचारून घेतलं. मी कशाला हो म्हणाले? इरावतीने सांगितलं, माझ्या आत्यासाठी. सहा वर्षं आमच्या घरातलं कुणी तिच्याकडे जात नाही. एलेनीला हे ताबडतोब समजलं. असल्या गोष्टी तिला समजतात. तिने गंभीर होऊन विचारलं, "पलीकडे जायला कुठून जावं लागतं? पासपोर्ट बघतात का? माझा वरच राहिलाय."

"काहीच लागत नाही," इरावती म्हणाली. "कुणीच अडवत नाही."

"सैनिक नाहीत?"

"नाहीत."

एलेनी तिच्याकडे बघत राहिली. "मग तू का नाही गेलीस?"

जगातल्या झाडून सगळ्या भांडणांवर इरावतीने निबंध लिहिले होते. कांजूरमार्गवर एकही नव्हता. ती रिक्षात आजीशेजारी जाऊन बसली.

वर खिडकीत जयवंत आले. धोतराचा सोगा हातात, मागे हर्षद आणि मंडळाची माणसं. पाटावर गणपती तयार होता, खाली टेम्पो उभा होता, आणि देवापुढची जागा रिकामी होती.

"सुगंधा!" ते ओरडले. "नारळ! नारळ ठेवन जा! विसर्जनाक व्हयो!"

सुगंधाबाईंनी रिक्षातून डोकं बाहेर काढलं. सहा वर्षांत त्या नवऱ्याशी एवढ्या मोठ्याने बोलल्या नव्हत्या. आज अख्ख्या सोसायटीने ऐकलं.

"दुसरो आणा! ह्यो बोललेलो नारळ आसा. जिच्यासाठी बोललंय, तिच्याकडेच जातलो!"

मग त्यांनी रिक्षावाल्याला घाटकोपर सांगितलं.